तैखान्याच्या भिंतीवरची हळद

१

देवीचा मुखवटा नाहीसा झाला तो शनिवारी, आणि त्याचा आळ धाकट्या सुनेवर आला तोही शनिवारीच. आपल्याकडे चोरी उलगडायला वेळ लागतो, चोर ठरवायला अजिबात लागत नाही.

सोमवारी सकाळी आप्पासाहेबांचा फोन आला. "रेणू, हाय तसा निघ. पोलिसांत जायचं न्हाई, घरातलं हाय."

मी रेणुकादास. लातूरच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. आता निवृत्त आहे आणि घरच्यांच्या मते रिकामटेकडा. हयातभर लोकांच्या साक्षी ऐकल्या, त्यातून एवढं शहाणपण पदरात पडलं की माणूस काय सांगतो यापेक्षा कुठल्या शब्दात सांगतो, तिकडे कान ठेवावा. आप्पा माझा कॉलेजातला मित्र. तेव्हा आमची खोली एक होती आणि डबाही एक. म्हणजे डबा त्याचा, खाणारे दोघं.

जळकोटजवळच्या बोरगव्हाणात त्याच्या घराला कोठी म्हणतात. निजामाच्या काळात ती एका जहागीरदाराची कचेरी होती. दगडी, चुन्यात बांधलेली, अजून ठणठणीत. खाली तळघर आहे, गाव त्याला तैखाना म्हणतं. बाहत्तरच्या दुष्काळात कोठीवाल्यांनी तैखान्यातलं बळद, म्हणजे भिंतीतच बांधलेलं धान्याचं कोठार, उघडलं आणि ज्वारी गावाला वाटली. ही गोष्ट मी आप्पाकडून ऐकली, त्याच्या वडलांकडून ऐकली, आणि बोरगव्हाणच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडूनही ऐकली. त्या एका गोष्टीवर हे घर पंचक्रोशीत मान घेत आलं.

वर्षाराणी ही त्या घरची धाकटी सून. जळकोटच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. नवरा रविकिरण नांदेडला नोकरीला, सुट्टीला येऊन जातो. पत्र्याच्या खोलीत घाम पुसत अभ्यास करणाऱ्या गावातल्या मुली बघून तिच्या मनात आलं, की तैखाना नीट केला तर ऐन मे महिन्यातही गार राहील अशी अभ्यासिका होईल. सासऱ्यांच्या मागे लागून लागून तिनं होकार मिळवला. पायऱ्या दुरुस्त झाल्या, एका बाजूचा गिलावा झाला. सोमवारी उत्तरेच्या भिंतीत हवेसाठी झरोका पाडायचा होता. त्याआधीच कोनाड्यातला चांदीचा मुखवटा गेला.

"उद्या तिचे वडील येनार हायत रेणापूरहून, तिला न्यायला," आप्पा मला दारातच म्हणाला. "थोरला म्हणतो, मुखवटा दे अन् मग जा म्हणावं."

"आणि तू काय म्हणतोस?"

आप्पा माझ्या हातातली पिशवी घेऊन आत निघून गेला. माझ्याजवळ एकच दिवस होता. तेवढ्यात खरं कळलं नाही तर ती पोर चोर म्हणून या घरातून जाणार होती.

२

गुणाबाई वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, मला खाली घेऊन गेल्या.

"भावजी, ह्या कुलपाला दोनच किल्ल्या. एक माझ्या कमरंला. दुसरी धाकटीला दिलती, कामावर बगायला. कुलूप फोडल्यालं न्हाई. मग मी काय समजू?"

तैखान्यात उन्हाची झळ अजिबात नव्हती. दक्षिणेच्या भिंतीत ते नावाजलेलं बळद होतं, तोंड उघडं, आत कोरडा काळोख. समोर उत्तरेची भिंत, सलग. कोनाडा रिकामा होता, पण त्यापुढे निरांजन तेवत होतं.

"आई नवरात्राबिगर हा उंबरा वलांडीत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "घटस्थापनेला वर न्यायची, दसऱ्याला परत खाली. माझ्या सासूच्या सासूपासनं हाय हे. आता कुटं आसंल, कुनाच्या पिशवीत आसंल…" मग त्यांनी मला उत्तरेच्या भिंतीपाशी ओढलं. "अन् हे बगा."

रविवारी देवीची क्षमा मागायला त्यांनी त्या भिंतीवर ओल्या हळदीची पाच बोटं ओढली होती, एकमेकांपासून अंतर ठेवून. त्यांतली तीन पिवळी होती. दोन लालभडक.

"म्या हळद लावली, आईनं कुंकू दिलं. ती ह्याच भिंतीत शिरलीया. भिंतीला हात लावू नका म्हणतीया."

ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? बायका नारळ घेऊन यायला लागल्या होत्या. महादेवप्पा गवंड्याचं काम बंद पडलं होतं. आणि देवी भिंतीत शिरली असं मानणारेच लोक मुखवटा सुनेनं नेला असंही मानत होते. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, हे मी कुणाला विचारलं नाही. माणसाच्या डोक्यात पुष्कळ जागा असते.

"वहिनी, मुका मार लागला की आपण हळद-चुन्याचा लेप देतो. लाल होतोच ना तो? ही भिंतही चुन्याचीच आहे."

"ते मला ठाव हाय की." वहिनींनी माझ्याकडे सरळ बघितलं. "भिंत समदी चुन्याची हाय. मग ही तीन बोटं काऊन पिवळी ऱ्हायली?"



३

थोरला आनंदराज बियाण्या-खताचं दुकान चालवतो. तैखाना त्याला गोदामासाठी हवा होता, हे त्यानं लपवलं नाही.

"काका, मला कुनाचं वाईट करायचं न्हाई," तंबाखू मळत तो म्हणाला. "पन भिंत फोडायची घाई कुनाला झालती? तिलाच. कोनाड्यातली देवी हालवल्याबिगर पुढचं काम होत नव्हतं. तिनं हालवली. आता अंगाशी आलं म्हनून गप बसून ऱ्हायली."

बोलता बोलता त्यानं डबीतला चुना नखानं काढला, तंबाखूला लावला आणि बोटाला उरलेला मागच्या भिंतीला पुसून टाकला. मी त्या भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या बोटांच्या खुणाच खुणा.

मला वाटलं, सुटलं कोडं. देवीचं कुंकू म्हणजे आनंदराजच्या तंबाखूचा चुना!

"तैखान्यातल्या उत्तरेच्या भिंतीलाही पुसलास का रे असा?"

तो दचकला. "मी कशाला जाऊ खाली? मला किल्ली कोन देतंय?" आणि मळलेली तंबाखू तशीच हातात धरून दुकानाकडे चालू लागला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

दुपारी पानावर पिठलं, भाकरी आणि ठेचा होता. माझ्याशेजारी आप्पा भाकरी कुस्करून, पिठल्यात कालवून चमच्यानं खात होता.

"काय रे, साहेब झालास?"

"बोटाला लागलंय जरा." त्यानं डावा हातही मांडीखाली घेतला. "रेणू, मला एवढंच म्हनायचंय, काम बंद होऊ दे अन् पोरीला कुनी काय बोलू नये. त्या उत्तरेच्या बळदाला हात लावायचं निघालं तवाच मला वाटलं, हे देवीला पटायचं न्हाई."

"पोरीला बोलू नये असं वाटतं, तर तू सांग ना आनंदराजला."

आप्पानं चमचा खाली ठेवला आणि जेवण अर्धवट टाकून उठला. वहिनी ताक घेऊन आल्या होत्या, त्या रिकाम्या पाटाकडे बघत उभ्या राहिल्या.

४

महादेवप्पा उदगीरकडचा गवंडी. जुन्या इमारतींचं चुन्याचं काम करतो. निंबाखाली चुन्याच्या पिंपाजवळ तो हात बांधून बसला होता. मुखवटा गेला त्या दिवशी तो आपल्या गावच्या जत्रेला गेला होता, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता.

"उत्तरेच्या भिंतीला तुम्ही काही केलंत?"

"इल्ला, साहेब. बोट लावलं न्हाई. आज लावणार होतो."

"जत्रेहून आल्यावर काही वेगळं दिसलं?"

त्यानं थोडा विचार केला. "पिंपाच्या झाकणावर मी दगड ठेवून जातो. आलो तर दगड खाली पडलेला. कुत्र्यानं पाडला म्हणालो. अन् अक्कांनी हळद लावायला तैखाना उघडला, तवा पायऱ्यांवर वास आला. जमिनीतलं जुनं धान्याचं पेव उघडल्यावर येतो तसा, आंबूस."

"कुणाला सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय, साहेब?"

वर्षाराणी आपल्या खोलीत बॅग भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, किल्ली माझ्याकडेच होती. उशीखाली. आणखी काही विचारायचंय?"

"हो. तू उद्या जाणार, मग परत कधी येणार?"

तिचे हात थांबले. "कशाला येऊ? कॉलेजात आज सकाळी एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमच्या घरी काय झालं म्हणे? तिला सगळं माहीत होतं, तरी विचारलं. मी गेले तर चोर म्हणून गेले, राहिले तर चोर म्हणून राहिले. रविकिरण फोनवर म्हणतात, तू शांत राहा. शांतच आहे मी." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "सगळ्यांचं ठीक आहे. पण मामांचं वाईट वाटतं." सासऱ्याला ती मामा म्हणे. "आनंददादा मला बोलत होते, तेव्हा मामा समोर बसले होते. मला वाटलं, आता म्हणतील की ही असं करणार नाही. ते जमिनीकडे बघत राहिले."

त्या क्षणी माझ्या डोक्यात जेवतानाचं एक वाक्य परत वाजलं, आणि मी उठलो.

"वर्षाराणी, बॅग राहू दे. आधी मला वाटीभर हळद पाहिजे."

५

"भावजी, तुमी पूजा घालनार?" वहिनींनी आश्चर्यानं विचारलं.

"पूजा नाही. साक्ष घेणार आहे."

वाटीभर हळद पुरली नाही, डबाच आणावा लागला. बादलीत कालवली, फडकं बुडवलं, आणि उत्तरेची भिंत छातीच्या उंचीपर्यंत सारवून काढली. माझ्या पांढऱ्या सदऱ्याचं जे व्हायचं ते झालं. वहिनी, वर्षाराणी आणि महादेवप्पा माझ्या मागे उभे होते. आनंदराज दुकान टाकून आला होता. आप्पा पायरीवर थांबला होता, खाली उतरला नव्हता.

"आनंदराजनं चुना पुसला असेल, तर लाल ठिपके उठतील," मी म्हणालो. "इकडे एक, तिकडे एक."

भिंत पिवळीच राहिली. आनंदराज हसायला लागला आणि मध्येच थांबला. पिवळ्यातून एक आडवी लाल रेघ वर येत होती. मग तिच्या दोन्ही टोकांकडून खाली दोन उभ्या रेघा. मग खालची आडवी. परातीएवढ्या एका दगडाभोवती लाल चौकट उभी राहिली.

"आई गं," वहिनी म्हणाल्या.

"जुना चुना दगडासारखाच होऊन जातो, तो हळदीला दाद देत नाही. ताजा चुना देतो," मी म्हणालो. "हा दगड कुणीतरी परवा-तेरवा काढला आणि परत बसवला. चुना महादेवप्पांच्या पिंपातला. पांढरा दिसू नये म्हणून वरून माती चोळली. वहिनींची दोन बोटं नेमकी या सांध्यांवर पडली. वहिनी, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. देवी भिंतीतच आहे."

"फोडा!" आनंदराज ओरडला. महादेवप्पानं पहार उचलली.

"थांबा!" पायरीवरून आवाज आला. "त्याला हात लावाल तर माझं मेल्यालं तोंड बगाल!"

आप्पाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळे त्याच्याकडे वळले. मी महादेवप्पाच्या हातातली पहार घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"आज नको," मी म्हणालो. "उद्या पाहुण्यांसमोर फोडू. आप्पा, चल जरा विहिरीवर."

६

विहिरीच्या काठावर बसल्यावर आप्पा म्हणाला, "बोल."

"चोर असता तर मुखवटा जळकोटच्या पुढे गेला असता. ज्यानं नेला त्याला देवी उंबऱ्याबाहेर न्यायची नव्हती. म्हणजे मानणारा माणूस. वर्षाराणी आज ती भिंत स्वतः फोडून घेणार होती. जी भिंत फोडायची तिच्यातच कोणी चोरीचा माल लपवतं का? आनंदराजला गोदाम हवं, त्याला झरोका उलट सोयीचा. वहिनींनी चमत्कार रचला असता, तर तीन बोटं पिवळी का, हे मला त्यांनी विचारलंच नसतं. आपल्याच चमत्काराला कोणी भोक पाडत नाही."

"मग ऱ्हायलं कोन?"

"सकाळपासून सगळे 'भिंत' म्हणतायत, आप्पा. वहिनी, आनंदराज, महादेवप्पा, सगळे. बळद दक्षिणेला आहे, ते साऱ्या गावानं पाहिलंय. तू एकटा जेवताना म्हणालास, उत्तरेचं बळद. त्या सलग भिंतीमागे बळद आहे हे तुला कसं ठाऊक?" त्यानं हात मांडीखाली घेतले. "बोटं दाखव."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं चुन्यानं खाल्ली होती, कातडी सोलून लाल झालं होतं. माझ्या मित्राचे ते हात बघून मला खरंच रडू आलं, आणि रागही आला.

"दोन बळदं होती, रेणू," तो म्हणाला. "बाहत्तरला एक वाटलं. दुसरं भरल्यालं होतं. बाबा म्हनले, भाव अजून चढंल. रातोरात नव्हं, भर दुपारी भिंत लिंपली, लोक रस्त्याच्या कामावर गेल्ते तवा. चुना म्या कालवला. अठरा वर्सांचा होतो. मग रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, मग पाऊस झाला, भाव बसला. उघडावं तर लोक विचारतील, हे तवा कुटं होतं? न्हाई उघडलं. बाबा गेले, तवाबी न्हाई."

"आणि सून झरोका पाडायला निघाली."

"किल्ली गुणाच्या कमरंची, ती आंघोळीला गेली तवा घेतली. कुलूप नुस्तं अडकवून किल्ली परत ठिवली अन् दुपारी समदी निजल्यावर दगड काढला, निगताना कुलूप दाबून लावलं. वाटलं, देवी गेली की अपशकुन म्हनून काम थांबंल. देवीचा कोप म्हनतील. मानसावर घेतील असं वाटलं न्हाई रे."

"घेतलं तेव्हा?"

"तवा…" त्यानं काठावरचा एक खडा विहिरीत टाकला. "आमच्या घराजवळ दुसरं काय हाय सांग. जमिनी वाटल्या गेल्या, पाटीलकी गेली. तेवढं एक नाव हाय."

"नाव तिलाही आहे, आप्पा. उद्या तू सांग, नाहीतर मी सांगेन. मी सांगितलं तर ती चौकशी होईल. तू सांगितलंस तर काहीतरी वेगळं होईल. काय, ते मलाही माहीत नाही."

७

मंगळवारी वर्षाराणीचे वडील आले. रविकिरणही नांदेडहून आला होता. चहाला कुणी हात लावला नाही. आप्पा उठला, "खाली चला" एवढंच म्हणाला आणि पहार स्वतः उचलली.

आनंदराज पुढे झाला तर त्याला आप्पानं हातानंच मागे सारलं. ताजा सांधा लवकर सुटला. दगड निघाला तसं महादेवप्पानं सगळ्यांना पायऱ्यांवर पिटाळलं; बंद पेवातली हवा माणूस मारते. बऱ्याच वेळानं आम्ही परत उतरलो. भगदाडातून काळी, गोळे झालेली, राखेसारखी भुकटी जमिनीवर सांडली होती. एकेकाळी ती ज्वारी होती. आत उरलेल्या भुकटीवर धोतराच्या स्वच्छ फडक्यात मुखवटा ठेवला होता.

आप्पानं सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत सांगितलं, पण काही वगळलं नाही.

सगळ्यात आधी बोलल्या त्या गुणाबाई. "त्या साली आमी मुखेडकडं रस्त्यावर खडी फोडली. मी, माझी आई, माझा बाप. कोठीवाल्यांनी गावाला खाऊ घातलं, असं बापाच्या कानावर आलं. त्येवढ्यावर त्यानं मला ह्या घरात दिली. तुमचं शेत बगितलं न्हाई, तुमाला बगितलं न्हाई." त्यांनी मुखवटा उचलला, पदरानं पुसला आणि कोनाड्यात ठेवला. "म्या हिला चोर म्हनले," असं म्हणून त्या वर्षाराणीकडे वळल्या, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

"चुकलं, पोरी," आप्पा म्हणाला.

"ज्वारीचं मी काय बोलू, मामा? तेव्हा मी जन्मलेही नव्हते," वर्षाराणी म्हणाली. "पण हे तुम्ही मला तैखान्यात सांगताय. चोर मला गावानं म्हटलं."

ती वर गेली आणि वडलांच्या गाडीत जाऊन बसली. तिचे वडीलही बसले. त्यांनी गाडी सुरू केली. रविकिरण काचेला हात लावून उभा होता.

तेवढ्यात आप्पा वर आला. डोक्यावर घमेलं होतं, त्या काळ्या भुकटीनं भरलेलं. आनंदराज धावला, "आप्पा, माणसं लावू की, तुमी कशाला?"

"लावू नगंस," दारातून वहिनी म्हणाल्या. "त्येंलाच करू दे."

आप्पा परसाकडे वळला, उकिरड्याच्या वाटेनं. तिकडे कुणी नसतं.

"तिकडं न्हाई," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोरीचं नाव जिथनं फिरलं, तिथनं न्या. पारावरनं."

आप्पा तिथंच उभा राहिला. मला वाटलं, आता तो घमेलं खाली ठेवणार. मग तो वळला, गाडीच्या शेजारून गेला आणि पाराच्या रस्त्याला लागला. पारावर नेहमीची मंडळी बसली होती. कोठीचा मालक घमेलं घेऊन येताना बघून ती उठून उभी राहिली.

"आप्पासाहेब, हे काय वं डोईवर?" कुणीतरी विचारलं.

"ज्वारी हाय," आप्पा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, गाडीपर्यंत ऐकू आलं. "बाहत्तरची. आमी दाबून ठिवलेली. अन् मुखवटा म्या लपवलता. सुनंनं न्हाई."

गाडीचा आवाज तेवढा चालू होता.

"बाबा," वर्षाराणी म्हणाली, "गाडी बंद करा."